हिरवी कोर

१

चिहारु दर शनिवारी दुपारी नीगाता शहरातून निघून डोंगरावरच्या घरी पोचायची. दारात बूट काढता काढता “आले!” म्हणायची, आतून बाबा “ये” म्हणायचे, आणि पिशव्या स्वयंपाकघरात टाकून ती लगेच बाह्या सरसावायची. आईच्या माशांच्या टाकीत हात घालायचा तर बाह्या कोपराच्या वर हव्यात, हे तिला मुळाक्षरांच्याही आधी शिकवलं गेलं होतं.

आई, म्हणजे मित्सुए, भातलावणी संपता संपता गेली. गाव कोई माशांचं. जिकडे बघावं तिकडे तळी, आणि तळ्यांत तांबडे-पांढरे मासे. बाबांचा, इसाकुंचा, सारा जन्म त्या तळ्यांच्या काठावर गेला. अशा गावात मित्सुएने घरात काचेची टाकी आणली, तिच्यात झाडं लावली, दगड मांडले आणि ओढ्यातले बोटाएवढे पट्टेरी दोज्यो आणून सोडले, तेव्हा सगळे हसले होते. “समुद्राकाठी राहून घरात मिठाच्या पाण्याचं मडकं भरून ठेवणारी बाई,” असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

दोज्यो म्हणजे तळाचा मासा. दिवसभर वाळूत पुरून घेतो, वर फक्त डोळे आणि मिशा. आई ओल्या हातांनी दोनदा टाळी वाजवायची. ओल्या हातांची टाळी खणखणत नाही, चपकन बसते. ती बसली की वाळू हलायची आणि सगळे तोंड वर करून बाहेर यायचे. बाबांना जेवायला बोलवायचं तरी त्याच दोन टाळ्या. “मी काय मासा आहे?” असं बाबा म्हणायचे, पण यायचे. चिहारुसाठी मात्र तीन. ओढ्यावर खेळणारी चिहारु दोन टाळ्यांना कधी दाद द्यायची नाही. तिसरी ऐकली की चपला हातात घेऊन पळत सुटायची. आई म्हणायची, “माझे मासे दोनात येतात, मुलगी तिनात!”

आता टाकीत शेवाळ माजलं होतं. काचेवर हिरवा थर, लाकडाच्या ओंडक्यावर काळी दाढी, पानांवर केसांसारखे धागे. चिहारुला त्याची चिंता होती ती टाकीसाठी नव्हे. डिसेंबरात इथे छपराइतकं बर्फ पडतं, आणि सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस फावडं घेऊन छपरावर चढतो. मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या आळीतला असाच एक जण घसरला, तो वसंतातच सापडला. बाबांनी बर्फाआधी आपल्याकडे नीगाताला यावं म्हणून तिने त्यांचा पिच्छा पुरवला होता. शेवटी बाबा एवढं म्हणाले होते, “टाकी तिच्या वेळेसारखी झाली, की येईन. अशी घाणेरडी टाकून नाही येणार.”

म्हणजे वडिलांना वाचवायचं तर आधी शेवाळ काढायचं होतं.

२

टाकी दोन खोल्यांच्या मधे होती. मधलं सरकतं दार काढून तिथेच लाकडी घोड्यावर ती बसवली होती, त्यामुळे बैठकीत बसलं की पाण्यातून, झाडांतून पलीकडची आतली खोली दिसायची. तिथे पितरांचं कपाट होतं, काळ्या लाखेचं आणि आतून सोनेरी. आता त्यात आईचा फोटो ठेवलेला होता.

चिहारुने बैठकीकडची काच खरवडायला घेतली. त्यासाठी आई केस कापायच्या दुकानाचं जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरायची, तेच तिने घेतलं. हिरवे पापुद्रे सुटून पाण्यात फिरू लागले. काच स्वच्छ झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पलीकडची, आतल्या खोलीकडची काच मुळीच खराब नाही.

तिने पुढे होऊन पाहिलं. काच लख्ख होती. फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी हिरवी कोर राहिली होती.

ती कोर तिच्या ओळखीची होती. आईचं उजवं मनगट तरुणपणी तळ्यावर मोडलं होतं, ते पुरतं वळायचं नाही. डावीकडून खालून वर तिरका हात मारायचा आणि शेवटच्या कोपऱ्यापाशी थांबायचं, ही तिची रीत. ती कोर नेहमी राहायची आणि चिहारु नेहमी चिडवायची, “आई, तुझी चंद्रकोर राहिली बघ.”

“बाबा, मागची काच तुम्ही पुसली का?”

“मी? मला कशाला येतंय त्यातलं.” बाबा चहा ओतत होते. “मी आपला खायला घालतो.”

चिहारुने स्वतःची समजूत घातली. खिडकी बैठकीच्या बाजूला आहे. ऊन इकडच्या काचेवर पडतं, म्हणून शेवाळ इकडे धरतं. तिकडे अंधार, तिकडे धरत नाही. कोपऱ्यात कपाटावरच्या दिव्याचा उजेड पोचत असेल, म्हणून तेवढं धरलं. अगदी शाळेच्या पुस्तकात शोभेल असं कारण होतं ते.

बाबांनी डबी उघडली आणि दोनदा टाळी वाजवली. त्यांची टाळी कोरडी, खडखडीत. वाळू हलली, दोज्यो बाहेर आले. बाबांनी खाणं त्यांच्या बाजूला, बैठकीकडे टाकलं. पण मासे तिकडे आले नाहीत. सगळे मागच्या काचेला तोंडं लावून उभे राहिले आणि आतल्या खोलीकडे बघत मिशा हलवू लागले. खाणं तळाशी जाऊन बसलं.

“रुसतात हल्ली,” बाबा म्हणाले. “तिचेच मासे ते.”

३

शेजारच्या हिसाकाकू वाळवायला सोललेल्या पर्सिमन फळांची माळ घेऊन आल्या तेव्हा बाबा टाकीपुढेच होते. काकूंनी उंबऱ्यातूनच टाळ्या ऐकल्या आणि माळ हातात तशीच धरून त्या आत आल्या.

“इसाकु-सान! काय चाललंय हे?”

“जेवण घालतोय. बसा, तुम्हालाही वाजवू का?”

“तोंडाला येईल ते बोलू नका! टाकीच्या मागे काय आहे ते दिसतंय का? पितरांसमोर टाळ्या वाजवतात का कुठे?”

चिहारु स्वयंपाकघरातून अरवी सोलता सोलता ऐकत होती. हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. देवाच्या फळीपुढे, देवळात, टाळ्या वाजवायच्या. पितरांच्या कपाटापुढे घंटी वाजवायची आणि हात मुकाट्याने जोडायचे. नवी नवरी गडबडीत पितरांपुढे टाळी वाजवून बसते आणि सासरचे जन्मभर तिला त्यावरून हसतात. चूक हसण्यावारी नेण्यासारखीच. ती का चूक आहे हे कोणी विचारत नाही.

काकूंनी ते सांगितलं. “टाळी म्हणजे हाक असते हो. देव लांब असतो, त्याला ऐकू जात नाही, म्हणून वाजवायची. मेलेल्याला सगळं ऐकू जातं. त्याला हाक मारायची नसते.”

“मी माशांना मारतो हाक.”

“पण ऐकतंय कोण?”

बाबा डबीचं झाकण लावू लागले. काकूंनी माळ चिहारुच्या हातात दिली आणि जाताना दारापाशी हळूच म्हणाल्या, “घेऊन जा गं त्यांना. काडीसारखे वाळलेत. आणि ती टाकी कोणाला तरी देऊन टाक.”

त्या दिवशी चिहारुने बाबांकडून वचन घेतलं, की टाळ्या बंद. खाणंही दिवसाआड, चिमूटभर. नाहीतरी शेवाळ माजलं होतं ते त्यांच्या लाडांमुळेच. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं. दिव्याचे तासही तिने कमी केले आणि एक तृतीयांश पाणी बदललं. बाबांनी मान डोलावली. ते फार लवकर कबूल झाले, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

४

पुढच्या शनिवारी ती बाबांना नागाओकाला पाळीव माशांच्या दुकानात घेऊन गेली. शेवाळ खाणारं काहीतरी हवं होतं आणि दोज्योंना सोबतही. बाबा आईच्या पश्चात पहिल्यांदाच डोंगर उतरले होते. गाडीत ते आईबद्दलच बोलत होते. लग्नाआधी ती तळ्यावर कामाला यायची, माशांपेक्षा तळाच्या गाळात काय वळवळतंय ते बघत बसायची. “मी तिला म्हटलं, वर बघ जरा, मी उभा आहे. तर म्हणते, तुम्ही कुठे जाताय, बघते नंतर.” चिहारु हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

दुकानातल्या मुलीने केसाळ शेवाळासाठी पारदर्शक झिंगे दिले. चिहारुने तळाच्या माशांकडे बोट केलं. छोटे, जाडसर, मिशाळ कोरी मासे वाळू उकरत फिरत होते.

“हे तळ साफ करतात ना?”

“सगळे असंच समजतात,” मुलगी म्हणाली. “त्यांना शेवाळाचं काही पडलेलं नाही. उलट त्यांनाच खाली पोचेल असं खाणं घालावं लागतं.”

“माझी बायकोही हेच म्हणायची,” बाबा मधेच बोलले. “तळाचा मासा म्हणजे झाडूवाला नव्हे, पाहुणा.”

ते काचेपाशी वाकले. एका कोरीने डोळा खाली फिरवून वर केला, अगदी डोळा मारावा तसा. हे मासे तसं करतात. बाबा खदखदून हसले. “हे बघ, हे बघ! ओळखतोय मला!” मग चिहारुने अडवायच्या आत त्यांनी दोनदा टाळी वाजवली. दुकानातले लोक वळले. कोरी मात्र आपले वाळू उकरत राहिले.

“याला शिकवावं लागेल,” बाबा म्हणाले. “हरकत नाही. ती शिकवेल.”

बोलण्याच्या ओघात माणूस असं म्हणून जातो, असं चिहारुला वाटलं.

५

त्या आठवड्यात बाबांनी खिडक्यांना बर्फाच्या फळ्या ठोकल्या. दरवर्षीचंच काम ते. बर्फाच्या भाराने काचा फुटू नयेत म्हणून बाहेरून फळ्या मारायच्या आणि वसंतापर्यंत अंधारात राहायचं. चिहारु आली तेव्हा बैठक भर दुपारी अंधारली होती. स्टोव्हवर किटली कुरकुरत होती. बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून बाबा मागच्या अंगणात झाडांना दोर आवळत होते.

टाकी खूपच सुधारली होती. झिंग्यांनी पानांवरचे धागे फस्त केले होते. बैठकीकडच्या काचेवर नुसता धुरकट पातळ थर. पलीकडची काच लख्ख, आणि कोपऱ्यात कोर.

मागच्या खेपेला ती कोर चिहारुने स्वतः काढली होती. दात घासायच्या जुन्या ब्रशने, अगदी कडेपर्यंत. काढताना तिला वाटलं होतं, आपण आईलाच पुसतोय. तिथेच उभी राहून ती बराच वेळ रडली होती. आता कोर होती तिथेच होती, तेवढीच आणि तशीच.

ऊन नव्हतं. खिडकी बंद होती. तिचं शाळेच्या पुस्तकातलं कारण आता कामाला येत नव्हतं.

बाबाच करत असतील, ती मनाशी म्हणाली. बायकोसारखा हात मारत असतील आणि कोपरा मुद्दाम सोडत असतील. म्हातारपणी माणूस काहीही करतो. तिला त्यांची दया आली आणि जरा हायसंही वाटलं. ती टाकीसमोर मांडी घालून बसली.

तेवढ्यात वाळू हलली.

एक दोज्यो वर आला, मग दुसरा, मग सगळेच. आणि त्यांच्यामागे ते दुकानातून आणलेले नवे कोरी, ज्यांना टाळी काय असते ते ठाऊकच नव्हतं, तेही उकरणं सोडून निघाले. सगळे मागच्या काचेपाशी जमले, तोंडं वर करून. चिहारुने कान दिला. घरात किटलीखेरीज काही वाजत नव्हतं. बाहेर बाबांच्या दोराचा करकर आवाज येत होता.

मग पाण्याच्या वरच्या पातळीवर, पलीकडच्या कडेला, एक लहानसं वर्तुळ उठलं. त्यातून एक कण खाली उतरला, आणखी एक उतरला, आणि मासे खाऊ लागले.

बाबा आत आले तेव्हा ती स्वयंपाकघरात दिवा लावून उभी होती.

“बाबा, तुम्ही अजून टाळ्या वाजवता ना?”

“तुला वचन दिलंय ना? त्या दिवसापासून एकदाही नाही.” बाबांनी हात धुतले, टॉवेलला पुसले. “आता मला वाजवाव्या लागत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय. टाकी बघ की. झाली ना तिच्या वेळेसारखी?”

झाली होती. चिहारुने तेवढंच धरून ठेवलं. “मग उद्या निघायचं. दिलेला शब्द पाळायचा.”

“निघू की,” बाबा म्हणाले. “कुठेतरी जायचंच तर आहे.”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांची बॅग दाराशी उभी होती. टाकी पुढच्या आठवड्यात दुकानातली मुलगी घेऊन जाणार होती. सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं, रस्ता बंद व्हायच्या आत निघायचं होतं. निघण्याआधी जेवून घेऊ, असं बाबा म्हणाले. बैठकीत, खाली शेगडी आणि भोवती गोधडी असलेल्या उबदार मेजावर चिहारुने पानं मांडली. नवा भात, अरवीचा रस्सा, हिरव्या पानांचं लोणचं. पहिली वाटी तिने आतल्या खोलीत नेऊन आईपुढे ठेवली, घंटी वाजवली, हात जोडले. मनात म्हणाली, आई, मी बाबांना नेते. रागावू नकोस.

परत येऊन ती जेवायला बसली. बाबा चवीने खात होते, किती दिवसांनी. लोणच्यावरून तिला चिडवतही होते. “तुझ्या आईचं असं खारट व्हायचं, की मासे पाणी मागायचे.” चिहारु हसली. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा मेजावर पडल्या होत्या. हे घर सोडताना आपल्यालाच जड जाणार, असं तिला वाटलं. इथेच या मेजाखाली ती झोपायची, आणि आई टाकी पुसत काहीतरी गुणगुणत असायची.

आतल्या खोलीतून दोन टाळ्या वाजल्या.

मोठ्या नाहीत. चपकन बसलेल्या, ओल्या हातांच्या.

बाबांच्या जेवायच्या काड्यांमधली अरवी परत वाटीत पडली. त्यांनी चेहरा वर केला. टाकीत, पलीकडच्या काचेशी, सगळ्या माशांनी तोंडं वर केली होती. बाबांचं तोंड तसंच वर, तसंच किंचित उघडं होतं.

“बाबा.”

“आलो गं, आलो,” ते म्हणाले. ते चिहारुला म्हणत नव्हते. उन्हाळ्यात तळ्यावरून येताना ते याच आवाजात म्हणायचे. थोडं कुरकुरत, थोडं हसत. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि तिच्या बाजूने निघून गेले. चिहारुने त्यांची बाही धरली होती. केव्हा सुटली ते तिला कळलं नाही.

“बाबा, बसा ना. बर्फ वाढतंय. बाबा!”

तिला उठता येईना. तिने टाकीतून पाहिलं. पाण्यापलीकडे, हिरव्या पानांपलीकडे बाबा कपाटापुढे गुडघे मोडून बसले होते, चेहरा वर केलेला. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. वरून काहीतरी त्यांना भरवलं जात होतं, आणि ते खात होते.

आणि मग पलीकडच्या काचेला, आतून, पाण्यातून, एक हात लागला. कोपरापर्यंत भिजलेला. बोटांत केस कापायच्या दुकानाचं जुनं कार्ड. तो डावीकडून खालून निघाला, तिरका वर चढला आणि कोपऱ्यापाशी येऊन थांबला. मनगट वळलं नाही. मासे त्याला वाट देऊन बाजूला झाले.

चिहारुने डोळे मिटले. तो हात तिच्या आईचा नाही, बाबांचा आहे, पाण्यातून तसा दिसतो, प्रकाश वाकतो, हे पुस्तकात असतं. आता उठायचं, बाबांना खांद्याला धरायचं, गाडीत घालायचं, मागे बघायचं नाही. टाळ्या दोनच वाजल्या. दोन बाबांच्या. मासे दोनात येतात. दोनचा आपल्याशी काही संबंध नाही. तिने डोळे मिटूनच तसं ठरवलं, आणि तिला जरा बळ आलं.

घरात शांतता होती. किटलीही थांबली होती. आतून कोणाच्या तरी समाधानाने जेवण्याचा आवाज तेवढा येत होता.

मग तिसरी वाजली.

चिहारुच्या तोंडात भाताचा घास होता, तो गिळायचं राहून गेलं. तिला ओढ्याच्या पाण्याचा वास आला. पायांखाली थंड, गुळगुळीत दगड लागले. आईला किती वेळ वाट बघायला लावली आपण, असं वाटून तिचा जीव गलबलला.

“आले गं, आई,” ती म्हणाली, आणि पळत सुटली.